वर जाताना काळी, उतरताना पांढरी

नमस्कार,
मी मुलुंडला राहते. लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्ण या परीक्षेपर्यंत गाणं शिकले आहे, घरी पेटी आहे. माझी अकरा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून कीबोर्ड शिकते आणि पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा देते. यंदा तिला ए मायनर स्केल लागला आणि घरात रोज रडारड सुरू झाली. नॅचरल, हार्मोनिक, मेलोडिक असे त्याचे तीन प्रकार. त्यातला मेलोडिक वर जाताना वेगळा, खाली येताना वेगळा. "आई, यातला खरा मायनर कोणता?" असं ती विचारते. तिच्या सरांना विचारलं तर म्हणाले, नियम आहे, पाठ करून घ्या, आणि घरी सारेगम सांगून गोंधळ वाढवू नका. तेव्हापासून मी गप्प आहे. मी तिला काही मदत करू शकते, की खरंच बाजूला राहावं?
— एक आई, मुलुंड

ताई,

बाजूला राहू नका. पेटी काढा आणि सा पांढरी सहावर धरा. तुम्ही स्वतः गाताना काळी चारला किंवा पाचला गात असाल, पण आज मुलीच्या सुरात बसायचं आहे. तिचा ए म्हणजे आपली पांढरी सहा, सी ही पांढरी एक धरून मोजलेली; काळ्याही तिथूनच मोजायच्या. तिथून एकही काळी पट्टी न लावता वरच्या षड्जापर्यंत जा. सा, रे, कोमल ग, म, प, कोमल ध, कोमल नी, सा. हे सूर तुमच्या ओळखीचे आहेत, मध्यमाच्या परीक्षेत तुम्ही ते लिहिलेले आहेत. आसावरी थाट, म्हणजे राग बसवायचा सात सुरांचा साचा. तुमच्या मुलीच्या पुस्तकात यालाच नॅचरल मायनर म्हटलं आहे.

आता फक्त निषाद बदला. पांढरी पाच सोडून काळी चार घ्या, म्हणजे शुद्ध नी. बाकी सगळं तसंच. हा हार्मोनिक मायनर. शेवटी धैवतही शुद्ध करा, म्हणजे काळी तीन आणि काळी चार दोन्ही लागतील. ही मेलोडिक मायनरची चढती बाजू. उतरताना दोन्ही काळ्या सोडून पहिल्यासारखं पांढऱ्यावरून खाली या.

एवढं वाजवताना तुमच्या लक्षात आलं असेल की सा रे ग म या चार सुरांना कुठेही हात लागला नाही. तिन्ही प्रकारांत पूर्वांग एकच आहे. सगळी भानगड उत्तरांगात आहे, प ते सा या चार सुरांत. आणि ती तिन्ही उत्तरांगं तुम्ही लहानपणापासून गाता. प, कोमल ध, कोमल नी, सा हे आसावरीचं. प, कोमल ध, शुद्ध नी, सा हे भैरवाचं. प, शुद्ध ध, शुद्ध नी, सा हे सरळ बिलावलाचं. पूर्वांग कोमल गंधाराचं आणि त्यावर कधी आसावरी, कधी भैरव, कधी बिलावल. मुलीला आठ आठ सुरांच्या तीन वेगळ्या शिड्या पाठ कराव्या लागताहेत म्हणून ती रडते आहे. शिडी एकच आहे, वरच्या दोन पायऱ्या सरकतात, हे तिला कोणी दाखवलेलं नाही. ते तुम्ही पेटीवर दोन मिनिटांत दाखवू शकता.

पण अकरा वर्षांची मुलगी 'का' विचारणारच, आणि त्या 'का'चं उत्तर पाठांतरापेक्षा फार सुंदर आहे. ते तिला ऐकवायचं असेल तर असं करा. तिला कीबोर्डवर बसवा, तुम्ही पाठ फिरवून डोळे मिटा. तिला सांगा, आधी ई मायनरची कॉर्ड वाजव, म्हणजे ई, जी, बी एकत्र; आणि लगेच ए मायनरची, ए, सी, ई. मग ई मेजर वाजव, ई, जी शार्प, बी. आणि पुन्हा ए मायनर. दोन-तीनदा उलटसुलट करून ऐका. दुसऱ्या वेळी घरात पाऊल टाकल्यासारखं वाटतं. पहिल्या वेळी घर समोर दिसतं, पण दार कोणी उघडलेलं नसतं. हा सगळा फरक एका पट्टीचा आहे, पांढरी पाच की काळी चार. काळी चार पांढरी सहाला अगदी चिकटून आहे, मध्ये एकही पट्टी नाही. शुद्ध निषादावर थांबलं की गळा षड्ज मागतो, हे तुम्हाला सांगायला नको. पाश्चात्त्य संगीतात त्या सुराला लीडिंग नोट म्हणतात, पुढे नेणारा सूर.

मग आपल्या आसावरीला, भीमपलासीला कोमल नी चालतो कसा? आपल्यामागे तानपुरा असतो म्हणून. षड्ज अखंड वाजत असतो, गायक कुठेही फिरला तरी घर कुठे आहे हे ऐकणाऱ्याला क्षणभरही विसरायला होत नाही. तिकडे तानपुरा नाही. तिथे कॉर्ड बदलत राहतात, कधी कधी षड्जच दुसरीकडे हलतो, आणि घर कुठलं ते दर वेळी नव्याने पटवून द्यावं लागतं. ते पटवण्याचं काम ई मेजर ही पाचव्या सुरावरची कॉर्ड करते आणि तिच्या पोटात शुद्ध निषाद आहे. म्हणून युरोपातले गायक शेवटाकडे येताना हा सूर चढवून घेत. कित्येक शतकं तो स्वरलिपीत लिहिलेलाही नसायचा, गाणाऱ्याने समजून घ्यायचा अशी रीत होती. हार्मनी चालावी म्हणून आलेला तो हार्मोनिक. नावातच कारण आहे, आणि मुलांना नावाचा अर्थ सांगितला तर अर्धं पाठांतर वाचतं.

आता मेलोडिक का, ते. पेटीवर कोमल धैवत आणि शुद्ध निषाद यांच्यामध्ये बोट ठेवून बघा. पांढरी चार ते काळी चार, मध्ये दोन पट्ट्या सुटतात. बाकी स्केलमध्ये कुठेही एकापेक्षा जास्त पट्टी सुटत नाही. आपल्याला या उडीचं काही वाटत नाही, भैरवात ती दोनदा येते आणि आपण ती मींडेने, म्हणजे सूर घसरवत, भरूनही काढतो. पण चार आवाजांत एकत्र गाणाऱ्या वृंदाला ही उडी जड जाते. मी काही वर्षं गिरगावात एका हौशी वृंदात गात होते. सुरुवातीला गळा मोकळा करायला आम्ही स्केल गायचो. हार्मोनिक मायनर आला की मधल्या आवाजातल्या आम्ही सगळ्याजणी त्या जी शार्पला हटकून कमी पडायचो. पियानोवर शेवटची कॉर्ड वाजली की आम्ही केसभर खाली आहोत हे उघडं पडायचं. मेलोडिकला तेच गळे, तीच खोली, आणि सूर बरोबर लागायचा. कारण तिथे एफही चढवलेला असतो, उडीच उरत नाही, सरळ पायऱ्या होतात. चाल गाता यावी, मेलडी सोपी व्हावी म्हणून तो मेलोडिक.

उतरताना मात्र काहीच चढवायचं कारण राहत नाही. षड्जाकडे ओढणाऱ्या निषादाची गरज षड्जाकडे जाताना असते, त्याच्यापासून दूर येताना नाही. हे मुलीला समजावून सांगू नका, देस गाऊन दाखवा. आरोहात शुद्ध नी, अवरोहात कोमल नी. वृंदावनी सारंगातही तेच. तुमच्या लेकीने हे घरात ऐकलेलं असणार, तिला ते कधी विचित्र वाटलं नसेल, कारण ते तिच्याकडून कोणी नियम म्हणून पाठ करून घेतलं नाही. मेलोडिक मायनरचं वर एक आणि खाली एक तिच्या कानात आधीच आहे. फक्त देसात नुसता निषाद बदलतो, इथे त्याच्याबरोबर धैवतही बदलतो.

इथे मात्र एका फरकाची जाण ठेवा. देसाचा अवरोह हा रागाचा नियम आहे, तो मोडला तर देस राहत नाही. मेलोडिक मायनरचं चढणं-उतरणं इतकं कडक नाही. चाल खाली येत असली तरी खाली ई मेजरची कॉर्ड धरलेली असेल तर बाखसारखा रचनाकार चढवलेले सूर घेऊनच खाली उतरतो. स्केलचं पुस्तक सरावासाठी साचा करून देतं. प्रत्यक्ष रचनेत सहावा आणि सातवा सूर कोणता घ्यायचा ते चाल कुठे चालली आहे आणि खाली कोणती कॉर्ड आहे यावर ठरतं. जाझवाले तर मेलोडिक मायनर वर-खाली दोन्हीकडे चढत्या सुरांनीच वाजवतात. म्हणून 'खरा कोणता' या प्रश्नाचं माझं उत्तर असं: मायनर एकच आहे, आणि त्याचे धैवत-निषाद चल आहेत. एका रचनेत, कधी एका ओळीत, तिन्ही रूपं भेटतात.

याचा एक नमुना तुम्हाला घरी ऐकवता येईल. बाखची ई मायनरमधली बुरे नावाची नृत्यरचना, त्याच्या ल्यूट या तंतुवाद्यासाठीच्या सूटमधली, म्हणजे अशा रचनांच्या मालिकेतली, गिटार शिकणारी बहुतेक मुलं ती कधी ना कधी वाजवतातच. तिच्या पहिल्याच ओळीत काय होतं ते आपल्या भाषेत सांगते, सा पांढरी तीनवर धरून: प, शुद्ध ध, शुद्ध नी, सा, आणि श्वासही न घेता कोमल नी, कोमल ध, प, म, कोमल ग. जाताना बिलावल, येताना आसावरी, आणि दोन्ही मिळून नऊ सूर. ही ओळ मी पेटीवर वाजवून दाखवली की मुलं मेलोडिक मायनर पुन्हा विसरत नाहीत. तुमच्या लेकीला ती कीबोर्डवर एका हाताने सहज येईल: बी, सी शार्प, डी शार्प, ई, डी, सी, बी, ए, जी. पन्नास वेळा स्केल घोटण्याआधी ही ओळ पाच वेळा वाजवू द्या.

हे सगळं वाचताना तुमच्या मनात कीरवाणी राग आला असेल. बरोबर आहे, हार्मोनिक मायनरचे सूर म्हणजे कीरवाणीचे सूर. कर्नाटक पद्धतीच्या 72 मेळांमध्ये, म्हणजे तिकडच्या थाटांमध्ये, तो 21वा मेळ, आणि तिकडूनच तो आपल्या वादकांनी उचलला. संगीतशास्त्री भातखंड्यांच्या दहा थाटांत त्याला जागाच नाही. भातखंडे आपल्याच वाळकेश्वरचे, जन्म 1860 चा. त्यांच्या वर्गीकरणावर आपण सगळे वाढलो, पण कोमल गंधाराबरोबर शुद्ध निषाद घेणारा त्यांचा एकच थाट आहे, तोडी, आणि त्यात रिषभही कोमल नि मध्यम तीव्र. पटदीप बघा. गंधार तेवढा कोमल, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे मेलोडिक मायनरच्या चढत्या बाजूचेच सूर. आणि तो बसवतात काफी थाटात, निषाद शुद्ध असूनही. वर्गीकरणाच्या चौकटीत न मावणारे सूर दोन्हीकडे आहेत, एवढंच मला म्हणायचं आहे. मात्र मुलीला पटदीप आणि मेलोडिक मायनर एकच, असं कधी सांगू नका. स्केल म्हणजे राग नव्हे. पटदीपात आरोहाला रे आणि ध नसतात, निषादावर थांबण्याची त्याची स्वतःची तऱ्हा आहे, ते सगळं स्केलमध्ये कुठून येणार? सूर ओळखायला रागाची मदत घ्या, तेवढीच.

आता तिच्या सरांबद्दल. सारेगम सांगू नका, या त्यांच्या म्हणण्यात एक रास्त भीती आहे, ती मी वर्गात दर वर्षी बघते. घरी सारेगम शिकलेली मुलं सी म्हणजे सा असं पक्कं धरून बसतात. मग ए मायनर त्यांना 'धैवतापासून सुरू होणारं काहीतरी' वाटतं आणि षड्जच हरवतो. त्यावर उपाय गप्प बसणं हा नाही. बसण्याआधी दर वेळी तोंडाने म्हणायचं, "आज सा ए वर." ई मायनर असेल तर "आज सा ई वर." सा हलतो, हे आपल्याला काळी एकपासून पांढरी सहापर्यंत गाणाऱ्यांची साथ करताना अंगवळणी पडलेलं असतं, तिलाही पडेल. कीबोर्डवर सुरांची इंग्रजी नावं, पेटीवर सारेगम, एवढी शिस्त पाळली तर सरांची तक्रार राहणार नाही. आणि सरांशी वाद घालू नका. त्यांच्या वर्गात दहा मुलं असतील, परीक्षेची तारीख डोक्यावर असेल.

उलट हे धैवतापासून सुरू होणं तिला एकदा मुद्दाम दाखवा, कारण तिच्या पुस्तकातलं आणखी एक कोडं त्याने सुटतं. बिलावलाच्या सप्तकात धैवताला सा मानलं की आसावरी थाट मिळतो, ही आपली मूर्च्छना. सी मेजर आणि ए मायनर यांचं नातं तेच आहे, दोघांच्या पट्ट्या त्याच. म्हणून ए मायनरच्या सुरुवातीला, जिथे शार्प आणि फ्लॅट लिहितात, तिथे काहीच नसतं. हार्मोनिकमधला जी शार्प तिथे लिहीत नाहीत, तो त्या त्या जागी सुराच्या पुढे लिहितात. मुलं सुरुवातीचं चिन्ह बघून वाजवतात आणि हार्मोनिकचा नॅचरल करून बसतात. परीक्षेत सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक मी हीच पाहिली आहे. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत 'मायनर'च्या पुढचा शब्द बोटाने दाखवून वाचायला लावा.

सरावाबद्दल थोडंसं. ए मायनरच्या तिन्ही प्रकारांत बोटं बदलत नाहीत. उजवा हात एक दोन तीन, मग अंगठा डी वर, आणि पुढे पाचही बोटं ओळीने; डावा हात पाचापासून एकपर्यंत, मग तिसरं बोट वरून. ही बोटं बसलेली असतील तर पूर्ण स्केल घोटू नका. आठवडाभर फक्त ई ते ए या चार सुरांवर बसू द्या. ई एफ जी ए. ई एफ जी शार्प ए. ई एफ शार्प जी शार्प ए. आणि उतरताना ए जी एफ ई. तुम्ही शेजारी पेटीवर सा आणि प धरून ठेवा, म्हणजे तिला तानपुरा मिळेल. वाजवण्याआधी तिने ते चार सूर गायलेच पाहिजेत, आवाज कसाही लागो. जी शार्प गाताना ती कमी पडली तर रागावू नका, आम्ही मोठ्या बायका कमी पडत होतो. तिला आधी वरचा ए ऐकवा आणि तिथून एक पट्टी खाली यायला सांगा, सूर लगेच सापडतो.

आपल्या शहराचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे, तोही तिला कधीतरी सांगा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोव्याचे वादक मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटगीतांच्या चालींना त्यांनी व्हायोलिनांचे ताफे दिले, कॉर्ड दिल्या. चाल आसावरी अंगाची, तिचा निषाद कोमल, आणि सा ए वर असताना खाली ई मेजर लावली तर तिच्या पोटातला शुद्ध निषाद त्या कोमलला टोचणार. अशा ठिकाणी कोणती कॉर्ड ठेवायची, कोणती टाळायची, हे अरेंजरला, म्हणजे वाद्यमेळ रचणाऱ्याला, दर गाण्यात ठरवावं लागतं. जुनी गाणी लावाल तेव्हा दोघी मिळून बेसकडे कान द्या. तुमच्या मध्यमाचा कान आणि तिच्या दोन वर्षांच्या कॉर्ड, दोन्ही लागतील. तुम्ही तिला चाल सांगा, ती तुम्हाला खाली काय चाललंय ते सांगेल.

ए मायनर बसला की पुढचा ई मायनर तिला पुस्तक न उघडता शोधू द्या. "आज सा ई वर" एवढंच म्हणा. नॅचरलला तिला एफ शार्प एकटा सापडेल. हार्मोनिकला डी शार्प आणि मेलोडिकला चढताना सी शार्पही, हे तिने कानाने शोधायचं. चुकीची पट्टी लागली तर सांगू नका, पेटीवर सा धरून ठेवा आणि थांबा. मग डी मायनर. तिथे सुरुवातीलाच एक फ्लॅट आहे, बी फ्लॅट, तो तिचा कोमल धैवत. मेलोडिकमध्ये चढताना तो साधा पांढरा बी होतो. इथे चढवलेला धैवत पांढऱ्या पट्टीवर आणि न चढवलेला काळीवर. ए मायनरच्या नेमकं उलट. ती तिथे अडखळेल. ते अडखळणं कसं सुटलं, ते मला लिहून कळवा.